कॉलेजला सांगायचे की नाही?



जून उजाडला की घराघरांत फाइली निघतात. गुणपत्रिका, टीसी, उत्पन्नाचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. कॉलेजच्या प्रवेशासाठी काय काय लागेल याची यादी मुलांना तोंडपाठ असते. पण काही घरांत एक कागद या फाइलीत मुद्दाम ठेवला जात नाही, आणि तो म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या आजाराचा कागद. आमच्या घरात असा एक कागद दीड वर्ष कपाटात, ओढण्यांच्या घडीखाली पडून होता. त्याची हकीकत आज लिहीत आहोत. भाचीला विचारूनच लिहीत आहोत. तिचे आणि तिच्या कॉलेजचे नाव येणार नाही, असे तिच्या अम्मीला कबूल केले आहे.

आमची ही भाची भंडारा जिल्ह्यातली. बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली आणि बी.एस्सी.साठी नागपूरला आमच्याकडे, जाफर नगरला राहायला आली. तिला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. सात वर्षांची असताना हातपाय इतके दुखू लागले की रात्रभर रडायची. डोळे पिवळे दिसायचे, म्हणून आधी काविळीचे औषध झाले, मग कुणी नजर काढली, कुणी ताविज दिले. शेवटी एका सरकारी डॉक्टरने रक्त तपासायला पाठवले आणि निदान झाले. तिला आमच्याकडे सोडायला आली तेव्हा बहीण स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "भाईजान, कॉलेजात कुणाला काही कळू देऊ नका. मुलीची जात आहे. उद्या रिश्त्याची वेळ आली की हीच गोष्ट आडवी येईल."

आम्ही मान डोलावली. मुमानीनेही डोलावली. चूक बहिणीची म्हणून सांगत नाही, चूक आमची तितकीच होती. आम्हाला तर ती फार समजूतदारपणाची गोष्ट वाटली होती.

ज्यांना या आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक रक्तवाहिनीतूनही वाकून जातात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, वाहिनीत अडकतात, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे असह्य वेदना सुरू होतात. याला क्रायसिस म्हणतात. साधी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त नेहमी कमी. पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला, फार दमछाक झाली, फार ताण आला, की क्रायसिस येऊ शकतो. मधल्या काळात मात्र माणूस चारचौघांसारखा दिसतो. कॉलेजच्या मुलीसाठी हीच मोठी अडचण आहे. पायाला प्लास्टर असते तर सगळ्यांनी बाकावर जागा दिली असती. रक्तातले दुखणे कुणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दुखण्याला लोक नाटक म्हणतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या अनेक घरांत अजून असे ऐकू येते की हा आजार आदिवासींचा, दलित वस्तीचा, आपल्यात कुठला? या बोलण्यात अज्ञानही आहे आणि दुसऱ्याला कमी लेखणेही आहे. विदर्भात हे जनुक आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांत जास्त आढळते, हे खरे. पण त्याचा संबंध मलेरियाच्या मुलखाशी आहे. ज्याच्यात हे जनुक एकच असते, त्या वाहकाला मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून काही संरक्षण मिळते, म्हणून जंगलपट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. याच मातीत राहणाऱ्या, इथेच नाती जोडणाऱ्या माणसांच्या रक्तात ते कुठल्याही घरात निघू शकते. नागपूर भागातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. म्हणजे आमच्या शहराला हा आजार ठाऊक होऊन साठ वर्षे उलटून गेली, आणि आम्ही कागद ओढण्यांखाली ठेवत होतो.

आता पहिल्या वर्षाचे सांगतो.

मुमानी रोज सकाळी एक लिटरची बाटली भरून तिच्या बॅगेत ठेवायची. डॉक्टरांनी सांगितले होते, पाणी हे हिचे अर्धे औषध आहे, दिवसाला तीन लिटर तरी पोटात गेले पाहिजे. संध्याकाळी बाटली परत यायची ती जवळजवळ भरलेली. आम्हाला वाटायचे पोरगी विसरते. दोनदा रागावलो. खरे कारण कळायला पाच महिने लागले.

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते, त्यामुळे लघवीला वारंवार जावे लागते. भाची पाणी प्यायची आणि तासाभरात उठावे लागायचे. तासाच्या मध्येच परवानगी मागितली की एक सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "पुन्हा? आत्ताच तर आलीस." मुले हसायची. त्यातून मुलींचे बाथरूम तळमजल्यावर, तिचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दोन कड्यांपैकी एक कडी तुटलेली. आजार सांगायचा नाही असे घरून बजावलेले, मग कारण काय सांगणार? तिने सोपा मार्ग काढला, पाणी पिणेच सोडले. वाचक भगिनींपैकी अनेकींना हे वाचून नवल वाटणार नाही. धडधाकट मुलीसुद्धा शाळा-कॉलेजात बाथरूमच्या भीतीने दिवसभर कोरड्या राहतात. फरक एवढाच की तिच्या अंगात कोरडेपणाचा अर्थ वेगळा होता.

डिसेंबरात सकाळी साडेसातचे तास सुरू झाले. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण इथली थंडीही हाडात शिरते हे बाहेरच्यांना पटत नाही. बसच्या उघड्या खिडकीजवळ उभी राहून ती जायची. महिन्याला चार-पाच दिवस गुडघे आणि पाठ धरायची. आम्ही कॉलेजला दर वेळी "ताप आहे" असा निरोप द्यायचो. जानेवारीत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या वेळी छातीत दुखू लागले आणि ती तिथेच खाली बसली. बरोबरच्या मुलींना वाटले चक्कर आली. कुणीतरी तिच्या तोंडावर गार पाणी मारले, पंखा जोरात लावला. बिचाऱ्यांनी चांगल्याच भावनेने केले, पण थंडी म्हणजे या आजाराला आमंत्रणच. तिला ज्या दवाखान्यात नेले तिथल्या डॉक्टरांना सिकलसेल आहे हे सांगायला जवळ कुणी नव्हते. आम्ही पोचेपर्यंत एक तास गेला. छातीतले दुखणे आणि दम लागणे हे या आजारात सर्वांत धोक्याच्या लक्षणांपैकी एक आहे. त्या तासात काय होऊ शकले असते हे नंतर डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावले. अल्लाहची मेहेरबानी, आठ दिवसांत ती घरी आली.

पण वर्षाच्या शेवटी हजेरी भरली ६१ टक्के. नियम ७५ चा. आम्ही दवाखान्याचे कार्ड घेऊन कार्यालयात गेलो तेव्हा तिथले बाबू म्हणाले, "साहेब, वर्षभर ताप होता म्हणून सांगून राहिले, आता म्हणता रक्ताचा आजार. कोणतं खरं मानू?" राग आला, पण उत्तर नव्हते. आमच्याच चिठ्ठ्या त्यांच्या फाइलीत होत्या. तिचे ते सत्र गेले.

त्या रात्री ती जेवली नाही. म्हणाली, "मामू, आजार मला आहे, आणि त्याची शरम तुम्हा सगळ्यांना आहे." एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुमानीने कपाट उघडले आणि तो कागद बाहेर काढला.

बहिणीला फोन केला. ती रडली, रागावली, मग म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पण जपून." आम्ही सत्र सुरू होण्याच्या आधीच प्राचार्यांची वेळ मागितली आणि एक पानी अर्ज लिहून नेला. सोबत रक्ततपासणीचा अहवाल, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि दवाखान्याच्या कार्डाच्या प्रती जोडल्या. अर्जात दया मागितली नाही. कोणत्या गोष्टी लागतील त्या लिहिल्या: तासात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, न विचारता बाहेर जाऊ द्यावे, प्रॅक्टिकलला बसायला स्टूल द्यावे, एसीच्या सभागृहात स्वेटर-शाल घालू द्यावी, मैदानी स्पर्धेची सक्ती करू नये, आणि दुखणे आले तर या दोन नंबरांवर फोन करून मेडिकलला न्यावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. हा शिक्का विसरू नका, पुढे तोच कामाला येतो.

प्राचार्य वाईट माणूस निघाले नाहीत. त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकांच्या बाथरूमची एक किल्ली भाचीला द्यायला सांगितली. वाचकहो, त्या वर्षी बाटली रिकामी होऊन घरी येऊ लागली. आम्ही इतकी वर्षे औषधे, रक्त, सोनोग्राफी यांत पैसा घातला, पण एका किल्लीने जे केले ते पाहून आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

कायद्याचेही समजून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांत थॅलेसेमिया व हिमोफिलियाबरोबर सिकलसेलचेही नाव आहे. सरकारी मंडळाने तपासून ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरवले, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमधल्या किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो. लिहिण्यात अडचण असेल तर परीक्षेत लेखनिक आणि दर तासामागे २० मिनिटे जादा वेळ मागता येतो. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षेतही सिकलसेलग्रस्तांना जादा वेळेची सवलत आहे, एसटी प्रवासाचीही आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठरलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे जावे लागते. दोन-तीन चकरा होतात. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून ते मिळत नाही, प्रवेशाच्याही आधी सुरुवात करावी. एएस पॅटर्न असलेल्यांना, म्हणजे फक्त वाहकांना, हे प्रमाणपत्र लागत नाही आणि मिळतही नाही. ते आजारी नसतात.

"दिव्यांग" हा शब्द ऐकून बहीण पुन्हा बिचकली होती. तिची समजूत आम्ही नाही, भाचीनेच घातली. म्हणाली, "अम्मी, शब्दाने माझे रक्त बदलणार नाही. पण पेपरला एक तास जास्त मिळाला तर बोटे दुखत असताना माझा पेपर पूर्ण होईल."

औषधाबाबत आम्ही डॉक्टर नाही, तेव्हा बेताने लिहितो. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी गेल्या काही दशकांत या आजारात खूप उपयोगी ठरली आहे. आमच्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी ती कमी मात्रेत मुलांना देऊन अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखण्याचे झटके आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ, दोन्ही कमी झाल्याचे त्यात दिसले. ही गोळी रोज घ्यायची असते आणि ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. कॉलेजच्या वयात मुले बरे वाटले की गोळी सोडतात. भाचीनेही सोडली होती, कारण डबा उघडला की मैत्रिणी विचारायच्या कशाची गोळी. सगळ्यांना कळल्यावर तो प्रश्नच उरला नाही.

त्याच नागपुरात संपत रामटेके नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या मुलाला हा आजार निघाला. त्यांनी तो लपवला नाही. त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, रुग्णांच्या घरोघरी गेले, सरकारच्या दारात बसले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाले. त्याच्या कितीतरी आधी या शहरात एक बाप मुलाच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलत होता.

एक गोष्ट आम्ही भाचीला सांगितली ती इथेही सांगतो. आधुनिक वैद्यकाच्या नोंदीत या आजाराचा जो पहिला रुग्ण आहे, तो कॉलेजचाच विद्यार्थी होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा तरुण १९०४ साली शिकागोला दंतवैद्यक शिकायला आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, तिथल्या कडाक्याच्या थंडीत, तो रुग्णालयात भरती झाला. अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पेशी विचित्र, लांबट. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते छापून आणले. नोएल मात्र त्याआधीच, पुन्हा पुन्हा आजारी पडत, १९०७ मध्ये पदवी घेऊन घरी परतला होता. ग्रेनाडात त्याने दवाखाना चालवला आणि १९१६ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. त्या वेळी ना गोळी होती, ना निदानाला नाव. भाचीने सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, "त्याची हजेरी किती भरली होती?"

रमजानचे लिहायचे राहिले. मार्चमधला रमजान होता, ऊन वाढत चाललेले. डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितले होते. पण मैत्रिणी सगळ्या रोजेदार, कॉलेजात पाणी पिताना तिला चोरासारखे वाटायचे. तिने आम्हाला न सांगता तीन रोजे ठेवले. चौथ्या दिवशी सलाईन लागले. आम्ही तिला मशिदीतल्या इमामसाहेबांकडे घेऊन गेलो, कारण आमचे ऐकून ती "तुम्ही काळजीने म्हणता" असे म्हणत होती. त्यांनी सूरह अल-बकरामधली आजाऱ्यासाठीची सवलत समजावली, आणि बरा न होणारा आजार असेल तर दर रोज्याबद्दल एका गरजूला जेवण देण्याचा फिदिया सांगितला. मग हसून म्हणाले, "बेटी, ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच सूटही दिली. तू त्याच्यापेक्षा कडक होऊ नकोस." त्या रमजानपासून फिदियाचे डबे ती स्वतः भरते. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना, दोघांनाही विचारावे.

रिश्त्याचे काय, हे विचारणारे वाचक असतीलच. आम्हाला वाटते, लपवून जुळवलेल्या रिश्त्यात पहिल्याच क्रायसिसला विश्वासघाताचा आरोप होतो. आणि मुख्य म्हणजे तपासणी समोरच्यानेही करायला हवी. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, वाहक होण्याची ५०. खाला-फुफीच्या घरात नाते जोडण्याची आपल्यात रीत आहे, आणि एकाच खानदानात हे जनुक दोन्हीकडे असण्याची शक्यता जास्त. निकाहाआधी पत्रिका छापायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात ही रक्ततपासणी होते. भाचीसाठी एक स्थळ आले होते. सगळे सांगितल्यावर त्यांनी नाही म्हटले. ती दोन दिवस गप्प होती, नंतर तिने आम्हाला सांगितले की आधीच कळले ते बरे झाले. आम्ही तिच्याइतक्या लवकर सावरलो नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, बरोबरीच्या मुलींपेक्षा एक सत्र मागे. तिच्या बॅगेत एक प्लास्टिकचे पाकीट असते. त्यात आजाराचे नाव, रक्तगट, औषधे, डॉक्टरांचे पत्र आणि आमचे नंबर. दोन मैत्रिणींना ते पाकीट कुठल्या कप्प्यात आहे हे माहीत आहे, आणि १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही दिसले तर वाट बघायची नाही हेही. त्यांच्यापैकी एक तिच्यासाठी कार्बन पेपर लावून नोट्स लिहिते. मोबाइलच्या जमान्यात कार्बन पेपर! पण तिला तसेच आवडते. अजूनही वाईट दिवस येतात. गेल्या हिवाळ्यात सहा दिवस भरती होती. यंदा प्रत्येक गैरहजेरीची चिठ्ठी त्याच आठवड्यात कॉलेजात गेली, खऱ्या कारणासह.

परवा बहिणीचा फोन आला. धाकटा दहावी पास झाला, अकरावीला प्रवेश घ्यायचा आहे. तो दिसायला दणकट, क्रिकेट खेळतो, कधी आजारी पडला नाही, म्हणून त्याचे रक्त आजवर कुणी तपासलेच नव्हते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "भाईजान, त्या तपासणीला उपाशीपोटी आणावे लागते का?" आम्ही सांगितले, काही गरज नाही, पोटभर नाश्ता करून आण. सोमवारी सकाळच्या बसने दोघे येत आहेत.